काखेत उतरलेला पोपट

ता. ६ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटाच्या कोपऱ्यावर निळा अंगठा होता, म्हणजे तू हात न धुता लिहायला बसलास हे उघड आहे. निळ्या अंगठ्याचं पाकीट आलं की ते माझं, हे आता आमच्या सगळ्या लॅबला ठाऊक झालंय. फोनच्या जमान्यात मामा-भाची पत्रं कसली लिहिता, असं शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारते. मी तिला सांगितलं की माझा मामा सूत रंगवतो, त्याचे हात दिवसभर ओले असतात, त्याचा फोन आजवर दोनदा कढईत पडून रंगून निघालाय आणि तिसरा घेऊन द्यायला मामी तयार नाही.

तब्येतीबद्दल तू नेहमीसारखं ठणठणीत लिहिलंयस. आईला मात्र मामीच्या बोलण्यातून कळलं की हल्ली तू दुपारचा झोपतोस. जेवून पाठ टेकणाऱ्या माणसाला जन्मभर आळशी म्हणत आलेला तू, आणि दुपारी झोप? वय झालं म्हणायचं, मामा.

आता माझी बातमी. आज मी अशी सुंदर काच पाहिली की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि रंगांचं कौतुक तुझ्याइतकं कोणाला आहे? माझं काम तू दर वेळी विसरतोस म्हणून पुन्हा सांगते. लोकांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर चढवतात, रंगवतात आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचते. बाहेरच्या इस्पितळांतून दुसऱ्या मतासाठी गाठी येतात, तेव्हा आमच्या मोठ्या बाई नाव झाकून फक्त नंबर ठेवतात आणि दोघांना वेगवेगळं वाचायला लावतात, म्हणजे कोणाचं मन आधीच कलत नाही. त्यामुळे आजचा माणूस कोण ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच तुला सांगते आहे. पन्नाशी ओलांडलेला पुरुष, डाव्या काखेतली गाठ, एवढंच कागदावर होतं.

आजाराचं नाव टी पेशींचा लिम्फोमा. टी पेशी म्हणजे आपल्या रक्तातल्या राखणदार. त्याच बिथरल्या आणि वाढत सुटल्या की हा आजार होतो. या माणसाच्या पेशींची केंद्रकं घोड्याच्या नालेसारखी वाकलेली आहेत. आम्ही एकेका खुणेसाठी एकेक रसायन सोडतो. पेशीवर ती खूण असेल तर तिथे तपकिरी रंग बसतो, नसेल तर पेशी निळी राहते. हा निळा म्हणजे तुमच्याच धंद्यातला जुना रंग, पूर्वी रंगारी लाकडाच्या भुशातून काढायचे तो. तर निळ्यावर तपकिरी, प्रत्येक पेशीला बारीक काठ आणि आत एक ठिपका, सगळ्या काचेभर, कुठे म्हणून रंग चुकलेला नाही. मी त्यात चालत गेले. खरंच, मला आत आत जाणाऱ्या गल्ल्या दिसत होत्या, दिवे लागलेल्या.

आणि मध्येच हिरवट काळे कण. आधी वाटलं काच मळली. मग कळलं, गोंदण. दंडावर गोंदवलं की शाई तिथेच राहते असं आपण समजतो, पण थोडी थोडी ती काखेतल्या गाठीत उतरते आणि तिथे मुक्काम ठोकते. मला एकदम तुझा पोपट आठवला. मी लहान असताना दंड फुगवून तू तो उडवून दाखवायचास. तुझाही हिरवा असाच काखेत जाऊन बसला असेल बघ. पोपट घरट्यात गेला म्हणायचं! मी इतका वेळ बघत बसले की माझा चहा गार झाला.

यायचं यायचं म्हणते आणि दोन वर्षं गेली, हे मला कळतं. परीक्षा झाली की नक्की येते. मामीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ उन्हात वाळत घालू नकोस, विटतो.

तुझी,
टिटवी


ता. १५ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी घरात वाचलं, मग शेडमागे, जिथे लड्या वाळत असतात, तिथे बसून परत वाचलं. समोर सगळं पिवळं होतं, वारा होता, आणि ओल्या सुताचे थेंब टपटपत होते. तुझ्या त्या दिवे लागलेल्या गल्ल्या मला तिथे बसल्याबसल्या दिसल्या. आपल्या घराण्यात असं लिहिणारं कोणी नव्हतं. तुझी आई तर वाणसामानाच्या यादीसारखी पत्रं लिहिते.

या वेळचा अंगठा उजव्या हाताचा आहे. डावा जरा अवघडलाय, कढई उचलताना लचक भरली. फार काही नाही.

दुपारी झोपतो हे खरं आहे, मामीने चहाडी केलीच तर. पण ती झोप नव्हे गं. शेडमधल्या वाफेत बसून राहिलो की डोळे आपोआप मिटतात आणि रंगीत स्वप्नं पडतात. परवा मी नदीत लड्या धूत होतो. त्यांचा रंग सुटत नव्हता. उलट पाणीच रंगाला लगडून वर येत होतं, मी ओढतोय आणि सगळी नदी सुतासारखी माझ्या हातात जमा होतेय. जागा झालो तर मामी कढईखालची आग विझवून कधीच घरी गेलेली. मला उठवलंही नाही तिने.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात रंग असा काठोकाठ चढला, कुठे डाग नाही, कुठे फिकट नाही, की आम्ही शेड डोक्यावर घेतो. म्हणजे सूत चांगलं, माल पक्का. मग तुझ्या त्या काखवाल्याचंही बरंच असणार ना? त्याचं पुढे काय होतं ते मला कळव. आणि हे बघ, आजाऱ्याच्या माणसांना सांगतात तसं गुळमुळीत नको. तुझ्या मोठ्या बाईंना जसं सांगशील तसं मला सांग. मी कुठे त्याचा नातेवाईक आहे! गोंदणावरून जरा जवळचा वाटला, इतकंच.

मामी विचारते की तिकडे थंडी कमी झाली का आणि तू वेळेवर जेवतेस का. दुसऱ्याचं उत्तर तिला माहीत आहे, तरी विचारते. तुझ्यावरचा लोभ तुरटी घालून पक्का केलेला आहे, त्याची काळजी नको.

तुझा,
मामा


ता. २४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

अगदी रंगाऱ्यासारखा फसलास की रे! रंग चढला म्हणजे चांगलं, असं आमच्याकडे नसतं. मी ज्या तपकिरीचं एवढं कौतुक केलं, ती सीडी थर्टी नावाची खूण. ती फक्त आजाराची जात सांगते. माणसाचं पुढे काय, ते बरंचसं दुसरी एक खूण सांगते, तिचं नाव आल्क. ती रंगली तर नशीब बरं. या माणसाच्या काचेवर ती रंगलीच नाही. सगळी काच निळीच्या निळी, दुपारच्या रिकाम्या आभाळासारखी. बघायला तीही छान वाटते, हेच आमच्या कामातलं वाईट.

आल्क असलेल्या दहांतले सात-आठ जण पाच वर्षांनंतरही असतात. नसलेल्या दहांतले चार, फार तर पाच. शिवाय पेशी किती वेगाने वाढतायत ते दाखवणारा तिसरा रंग आहे, आणि तो मात्र याच्या काचेवर जवळजवळ सगळीकडे चढलाय. म्हणजे एक रंग चढला नाही हे वाईट आणि दुसरा चढला हेही वाईट. तूच गुळमुळीत नको म्हणालास, म्हणून सरळ सांगते. मला कोणी विचारलंच तर या माणसाने लांबचे बेत करू नयेत असं मी म्हणेन.

माझं आणि मोठ्या बाईंचं वाचन तंतोतंत जुळलं. बाई सहसा कोणाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि छान वाचलंस म्हणाल्या. दिवसभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली की त्याचा पगारावर काही परिणाम होणार आहे का.

तुझी नदी फार आवडली. त्या काखवाल्यासाठी मात्र हळहळत बसू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. हाताला शेक दे. मामीला सांग की मी जेवते. लोभ जसा आहे तसा ओला राहू दे.

तुझी,
टिटवी


ता. ५ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

खरं सांगितलंस, मोकळं वाटलं. बाईंनी तुझं कौतुक केलं ते मामीला सांगितलं आणि शेडमध्ये येईल त्याला सांगतोय. आमची पोर काचेत बघून माणूस वाचते, असं. मला फार अभिमान वाटला गं. हे मी उगाच लिहीत नाही.

निळीचं एक मोठं काम अंगावर घेतलंय. गालिचेवाल्याला आभाळ हवंय, सकाळचं धुवट ते संध्याकाळचं दाट, मधले सगळे निळे. नीळ फार लाघवी. सूत कढईतून बाहेर येतं तेव्हा हिरवं असतं, वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. आयुष्यभर बघितलं तरी मला अजून त्याची भूल पडते. सध्या दिवसभर तेच बघत बसतो. बोटांना सूत कळतंय तोवर हे पुरं करावं म्हणतो.

बाकी क्षेम. मुलीच्या जातीने इतकं काम करू नये असं तुझी आजी म्हणायची. मी म्हणतो, कर. लोभ वाढता आहे.

तुझा,
मामा


ता. १४ मार्च

चि. टिटवीस,
मामीचे अ. आ.

माझं अक्षर बघून घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण गोष्ट घाबरण्यासारखीच आहे, म्हणून ते लिहीत नाही. फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि हे शेजारच्याच खोलीत असतात.

यांच्या डाव्या काखेत बरेच दिवस गाठ होती. मला सांगितलं तेव्हा ती चांगली लिंबाएवढी झाली होती. जानेवारीत काढली. तुला आणि तुझ्या आईला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली. पोरीची परीक्षा आहे, ती सगळं सोडून धावत येईल म्हणाले. इथल्या डॉक्टरांनी टी पेशींचा लिम्फोमा म्हणून सांगितलं. खात्रीसाठी गाठ तुमच्या गावच्या मोठ्या लॅबला पाठवली होती, तिथूनही तेच आलं. तुमचीच लॅब की दुसरी, ते मला माहीत नाही.

डॉक्टर चांगले आहेत. लगेच औषधं सुरू करू, त्यात एक नवं औषध आहे, सहा वेळा यावं लागेल म्हणाले. बोटं बधिर होऊ शकतात हेही त्यांनी आधीच सांगितलं. हे तेवढ्यावर कुरकुरले, सुताचा पोत कळला नाही तर मी रंगारी कसला म्हणाले, पण तयार झाले होते. मी पिशवी भरून ठेवली होती. आणि महिना पालटला तसं एकदम नाहीच म्हणाले. एका जाणकाराकडून खरं कळलंय, दहांतले चार वाचतात, त्या चारांसाठी बोटं द्यायची नाहीत, असं म्हणतात. लांबचे बेत नकोत, आहे तेवढ्यात निळीचं काम पुरं करतो, असं म्हणतात. जाणकार कोण म्हणून विचारलं तर नुसते हसतात. शेडमध्ये दहा लोक येतात-जातात, कोणीतरी अक्कल पाजळली असेल. ज्याने सांगितलं त्याची जीभ झडो.

डॉक्टर म्हणतात की आणखी पंधरा दिवस घालवले तर मग त्यांच्या हातात फारसं राहणार नाही. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरला. ते माझ्याशी इतकं गोड वागतात की मला जास्तच भीती वाटते. तुझं ते ऐकतात. तू काहीतरी लिही. खोटं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मामी


ता. १७ मार्च

ती. स्व. मामास,
शि. सा. न.

जाणकार मीच. मामीला सांगू नकोस, तिने दिलेला शाप मी घेतला आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्याइतकं कोणाला लागू पडलं नसेल. तुझी गाठ माझ्या डोळ्यांखाली होती. मी तुझाच पोपट बघितला, तुझा पोपट आठवून हसले, आणि तरी मला कळलं नाही. तू मात्र माझ्या पहिल्याच पत्रात स्वतःला ओळखलंस आणि शांतपणे मला विचारत गेलास. आणि मी आनंदाने सांगत गेले. 

मामीचं पत्र वाचून मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी त्या नंबरामागचं झाकलेलं नाव काढलं, ते तुझंच होतं. काचेवरचं बाहेर लिहिल्याबद्दल त्या रागावल्या, आणि ते योग्यच होतं. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि नेमका कोणता आकडा सांगितलास म्हणून विचारलं. मी सांगितला. त्या म्हणाल्या की हा ज्या पुस्तकातला आकडा आहे, त्यातल्या एकाही माणसाला हे नवं औषध मिळालेलं नव्हतं.

मामा, नीट वाच. ते नवं औषध सीडी थर्टीलाच जाऊन चिकटतं. ती खूण शोधतं, तिला धरतं, पेशीच्या आत शिरतं आणि तिला मारतं. जी तपकिरी तुझ्या काचेवर काठोकाठ चढली आणि जिच्याबद्दल वाचून तू शेड डोक्यावर घ्यायला निघाला होतास, तीच त्याची वाट. म्हणजे तू म्हणत होतास तितका काही चुकला नव्हतास. मी खूण वाचते आणि काच खाली ठेवते. पुढे कोणतं औषध द्यायचं ते माझ्या टेबलावर येत नाही. म्हणून मला अर्धंच माहीत होतं, आणि मी ते सगळं माहीत असल्याच्या तोऱ्यात लिहिलं.

मामी म्हणाली खोटं लिहिलं तरी चालेल. मी लिहिणार नाही. या औषधाने बरे होणारे वाढलेत, पण तुझ्यासारख्या आल्क नसलेल्यांत किती, ते अजून सगळं स्पष्ट नाही. बोटं बधिर होतात. पुष्कळांची नंतर सुधारतात, सगळ्यांची पुरती नाही. आणि औषध घेतलंच नाही तर काय, हे मी त्या पत्रात लिहिलंच नव्हतं, कारण परका माणूस औषध घेणारच असं मी धरून चालले होते. औषधाशिवाय फक्त काही महिने आहेत, मामा. त्यातले शेवटचे निळीचे नसतील.

दहांतले चार हा तुझ्या एकट्याचा हिशेब नव्हे. तो सगळ्या कढईचा आहे. एका कढईतून निघालेल्या लड्यांतली कोणती कशी उतरेल, हे तू सूत टाकण्याआधी कधी सांगितलंयस का? मीही काच बघून ते सांगू शकत नाही. सांगितलं, ते चुकलं.

आणखी एक तपासणी बाईंनी आपण होऊन सुरू केली आहे. एक जनुक मोडलंय का ते बघतात. अंधारात लाल आणि हिरवे ठिपके चमकतात, ते एकमेकांपासून दूर गेले असतील तर आशा वाढते. ती काच बाईच वाचतील. पण तिच्यासाठी थांबू नकोस, तिच्यामुळे आत्ताचं औषध बदलत नाही.

मी निघायच्या तयारीत आहे, तू फक्त ये म्हण. तू मला हवा आहेस. याहून शहाणपणाचं काही सुचत नाही.

तुझी,
टिटवी


ता. २ एप्रिल

श्रीमती जाणकार बाईंस,
अ. उ. आ.

हे इस्पितळाच्या खुर्चीत बसून लिहितोय, म्हणजे काय झालं ते तुला कळलंच. मामी शेजारी बसून माझ्या पायांवर पांघरूण घालते आहे आणि मी ते काढतो आहे.

तू रडत बसली असशील म्हणून आधी हे ऐक. तुझ्यावर माझा राग नाही, नव्हता. इथे सगळे माझ्याशी आजाऱ्यासारखं बोलायचे. डॉक्टर बघू म्हणायचे, मामी होईल सगळं नीट म्हणायची आणि मोरीत जाऊन रडायची. तू मला परका समजून लिहिलंस, म्हणून सरळ लिहिलंस. मामा म्हणून विचारलं असतं तर तूही बघू म्हणाली असतीस. त्या दिवसांत माझ्याशी खरं बोलणारी तू एकटीच होतीस. ते खरं अर्धं निघालं, हा तुझा दोष खरा; पण अर्धं कापड हातात घेऊन मी त्याचा सदरा शिवायला बसलो, तो माझा. हिशेब मिटला. मामीला मी काही सांगितलेलं नाही. ती अजून त्या जाणकाराला शोधते आहे, शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघते. गालिचेवाल्याला तर तिने चहासुद्धा दिला नाही.

आता औषधाची गंमत. बाटल्यांतली एक लालभडक आहे, असा लाल मला मंजिष्ठेच्या मुळांतूनही कधी काढता आला नाही. नर्सला विचारलं की रंग पक्का का कच्चा. ती म्हणाली की उद्या लघवी लाल होईल, घाबरू नका. म्हणजे कच्चाच. तुझं ते नवं औषध मात्र पाण्यासारखं, त्याला रंगच नाही. बिनरंगाच्या गोष्टीवर विश्वास टाकायची ही माझी पहिली वेळ.

नळीतून ते उतरायला लागलं आणि डोळे मिटले. तू लिहिलेल्या गल्ल्यांतून मी चालत होतो. काठाकाठाने दिवे होते, आणि कोणी एक जण पुढे हळूहळू चालत एकेक दिवा मालवत होता. अंधार होत होता आणि मला बरं वाटत होतं. असं स्वप्न कधी पडलं नव्हतं.

आत्ता येऊ नकोस. माझ्या पांढऱ्या पेशी घसरणार, घरात कोणाला शिंकायचीही बंदी आहे. शिवाय तू आलीस तर मामी तुझ्या गळ्यात पडेल आणि तू सगळं कबूल करशील. परीक्षा दे. लोभ आहे, तो लाल नाही, धुतला तरी जाणार नाही.

तुझा,
मामा


ता. १२ एप्रिल

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी नाव माहीत असून लिहिते आहे, म्हणून चार ओळींना सकाळ गेली. तपासणी आली. लाल आणि हिरवे ठिपके एकमेकांना चिकटलेलेच आहेत. जनुक मोडलेलं नाही, म्हणजे जी जादा आशा मिळाली असती ती नाही. वाईटही काही वाढलेलं नाही. जिथे होतो तिथेच आहोत. बाईंनी मला ती काच दाखवली. मी पाहिली आणि या वेळी मला ती सुंदर वाटली नाही.

तुला हे सांगू नये असं फार वाटलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि सांगितलं. परीक्षेचा अभ्यास चालू आहे, पण वाचताना पानापानावर तू दिसतोस. जीव जपून राहा आणि पांघरूण काढू नकोस.

तुझी,
टिटवी


ता. ३० जून

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

तू पास झालीस हे आईकडून आधी कळलं आणि तुझ्याकडून नंतर, हे मी लक्षात ठेवलं आहे. तरी आशीर्वाद.

चार फेऱ्या झाल्या. काल डॉक्टरांनी स्कॅनचं चित्र दाखवलं. काखेतलं, मानेतलं, पोटातलं, जे जे काही दिव्यासारखं पेटलं होतं ते आता विझलंय. मी विचारलं की म्हणजे मी बरा झालो का. ते म्हणाले की आत्ता दिसत नाही, एवढंच म्हणू शकतो. अजून दोन फेऱ्या, मग पुढची दोन-तीन वर्षं बघत राहायचं. पूर्वी असं ऐकून मला राग आला असता. आता कळतं की हा माणूस सरळ बोलतोय. मामी तिथेच खुर्चीत बसून मोठ्याने रडली, आणि या खेपेला मोरीत गेली नाही.

बोटांचं म्हणशील तर टोकं गेली आहेत. कागद धरलाय की नाही ते बघून ठरवावं लागतं, म्हणून अक्षर असं. सुताचा पोत आता गालाला लावून बघतो. गाल बोटांपेक्षा शहाणा निघाला. इतकी वर्षं उगाच बोटांची बडदास्त ठेवली. निळीचं काम पुरं झालं. शेवटचा निळा थोडा जास्त उतरला, पण गालिचेवाला म्हणाला की संध्याकाळ अशीच असते. मामीने त्याला चहा दिला. जाणकार कोण ते मी तिला अखेर सांगितलं. ती म्हणाली की पोरीची जीभ शाबूत राहू दे, आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत, पाहुण्यांना मनाई नाही. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, मिशी तर पहिल्याच महिन्यात गेली. गाल आत, कपडे दुसऱ्या कोणाचे घातल्यासारखे. तू दारात आलीस की मला ओळखशील की नाही, यावर मामीशी माझी पैज लागली आहे. ती म्हणते, लांबूनच ओळखेल. मी म्हणालो, नाही ओळखणार. पेशीन् पेशी बघितली, तेव्हा तरी तिने कुठे ओळखलं होतं?

ही पैज मला हरायची आहे. ये.

तुझा,
मामा